काचेतली जवारी

"काय म्हणतोय तो?" दस्तगीरचाचांनी मोठ्यानं विचारलं. हल्ली ते सगळंच मोठ्यानं विचारत.

पडद्यावर एक करडी चौकट येऊन थांबली होती आणि तिच्यात इंग्रजीतून एक तक्रार लिहिलेली होती.

"ज्याच्या आधारावर ही आलेखांची लायब्ररी बसवायची, तो पायथॉन सापडत नाही म्हणतोय," मी म्हणाले.

"मग शोधा की. घरातच असंल."

नसीम तोंडाला ओढणी लावून हसली. ती चाचांची मुलगी. दुकानाच्या मागच्या बाजूला बसून ती तंबोऱ्याच्या एका भोपळ्याला लाखेचा रंग देत होती. मिरजेच्या त्या गल्लीत दुपारी सगळं अर्धवट झोपेत असतं. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, दारातून आलेल्या उजेडात लाकडाचा भुसा हळूहळू खाली बसणारा, आणि शेजारच्या दुकानात कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून बघणारं. त्या सगळ्यात मी चाचांच्या पुतण्यानं मागे सोडलेल्या जुनाट विंडोज कंप्युटरपुढे बसून घाम पुसत होते. मॉनिटर तर असा, की दोघांनी उचलावा. पुतण्या दुबईला गेला तो गेलाच. जाताना कंप्युटर आणि न भरलेली बिलं तेवढी ठेवून गेला.

याला आता बरीच वर्षं झाली. तरी ती दुपार आठवली की अजून लाखेचा वास येतो.

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. लहानपणी गाणं शिकले होते, त्याबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. गाणं गेलं, तंबोरा राहिला. तो चाचांनीच केलेला. वर्षाकाठी एकदा तारा बदलायला मी तो मिरजेला नेत असे. त्या वर्षी मात्र घरी आणून छेडला आणि मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. आवाज सुरात होता, पण मिटलेला. तारेच्या मागून जो झगमगता गुंजारव उठतो, ज्याला जवारी म्हणतात, तोच नव्हता. मी परत गेले. चाचांनी ऐकून घेतलं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मला बसायला पाट दिला.

"वरचं गेलं, मॅडम," ते म्हणाले. "खालचा आवाज हाय तसा हाय. तुम्ही बोलताय ते कळतंय. पण तंबोऱ्याचा जीव वर असतो. तिथलं काय ऐकू येईना."

डॉक्टरांनी कानाला लावायचं यंत्र दिलं होतं. ते लावलं की तंबोरा पत्र्यासारखा वाजतो, असं चाचांचं म्हणणं. गल्लीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जवारी काढणाऱ्याला ऐकू येत नाही ही बातमी फुटली तर दुकानात कोण पाऊल टाकणार? पुण्याच्या शैलजाबाईंचा तंबोरा तयार होत आला होता. त्या मोठ्या गाणाऱ्या, आणि गेली कितीतरी वर्षं त्यांच्या मागे चाचांचेच तंबोरे वाजत आलेले. चाचांनी ठरवून टाकलं होतं, बोलूनही दाखवलं होतं. हा तंबोरा बाईंच्या कानाला उतरला तर धंदा चालू, नाही तर कानस खाली ठेवायची. आयुष्यभर ज्या कानशीनं तारांखालची घोडी घासली, ती पुन्हा हातात घ्यायची नाही.

मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी शिकवायला लागते, ही माझी खोड. मी म्हणाले, आवाज बघता येतो, चाचा. मी तुम्हाला काढून दाखवते.

माझ्या घरच्या कंप्युटरवर लिनक्स होतं. तिथे ती लायब्ररी, म्हणजे आलेख काढणाऱ्या तयार प्रोग्रॅमांचा गठ्ठा, बसवायला कष्टच पडले नाहीत. एक ओळ लिहिली, पासवर्ड दिला, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं पावसाच्या धारेसारखी उतरत गेली. पायथॉन या कंप्युटरच्या भाषेत आवाज उकलून त्याचं चित्र काढायचा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला. रविवारी सकाळी बापलेक बसनं सांगलीला आले. नसीमनं माझा तंबोरा मांडीवर घेतला, मी जवळ माइक ठेवला.

पडदा गडद निळा झाला. मग तळाशी एक लाल रेघ उमटली, तिच्या वर दुसरी, तिच्या वर फिकट पिवळी, आणि पुढे नुसता निळा अंधार. मी सांगितलं, खाली खर्जाचा आवाज, वर वरचे स्वर, आणि जिथे जोर जास्त तिथे लाल. चाचांनी वळून तारेखालचं सूत केसभर सरकवलं. जवारीचा सगळा खेळ त्या सुताच्या धाग्यात आणि घोडीच्या घासलेल्या उतारात असतो. नसीमनं पुन्हा छेडलं. तेव्हा त्या निळ्या अंधारात एकावर एक रेघा पेटत गेल्या, पार वरच्या काठापर्यंत, आणि तार विझेपर्यंत त्या थरथरत राहिल्या.

चाचा पडद्याजवळ सरकले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हे गाणं न्हवं," ते म्हणाले. "पण गाण्याची सावली हाय."

मग अर्थातच ते दुकानात हवं झालं. आणि दुकानात होता तो पुतण्याचा कंप्युटर.

तिथली कथा निराळी. नवा पायथॉन त्या म्हाताऱ्या विंडोजवर उघडेचना. जुना आणला तर लायब्ररी त्याच्याहून नवी निघाली. दोघांची गाठ पडेना. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांचा जोड लावताना एक चढवली की दुसरी उतरावी, तसं माझं चाललं होतं. नेट म्हणजे माझ्या फोनचं, तेही दाराशी उभं राहिलं तरच येणारं. नसीम चहा आणायची, चाचा धीर द्यायचे. सागाचं लाकूडसुद्धा एका दिवसात वाकत न्हाई, असं ते म्हणाले. शेवटी मी हट्ट सोडला आणि लायब्ररीची एक जुनी आवृत्ती शोधून काढली, त्या कंप्युटरच्या वयाला शोभेल अशी. ती मात्र मुकाट्यानं बसली. पडदा निळा झाला, लाल रेघा चढल्या, आणि मी पाटावर हातपाय ताणून दिले.

त्यानंतरचे दिवस मला स्वप्नातल्यासारखे आठवतात. कॉलेज सुटलं की मी मिरजेला जायची. दुकानात चाचा मॉनिटरकडे तोंड करून बसलेले, त्यांच्या मागे नसीम शैलजाबाईंचा तंबोरा मांडीवर घेऊन. ती छेडायची, चाचा पडद्याकडे बघायचे, मग वळून घोडीवर कानशीचा एक हात फिरवायचे, पुन्हा पडद्याकडे वळायचे. कुणी बोलायचं नाही. बोललेच तर दोघं आपल्या दखनी बोलीत एखादा शब्द. निळ्या काचेत रेघा पेटायच्या आणि विझायच्या. मी कडेला बसून बघत राहायची, आणि खरं सांगायचं तर मनातून फुगून जायची. एका माणसाचे कान मी परत आणले असं मला वाटत होतं.

एकदा मी म्हणाले की दारातला उजेड थेट काचेवर पडतोय, मॉनिटर जरा फिरवून ठेवूया.

"राहू द्या, मॅडम," चाचा घाईनं म्हणाले. "मला असंच बरं दिसतं."

मी राहू दिलं.

नसीमबद्दल तेव्हा मी फारसा विचारच केला नव्हता. तिचं सासर पुढच्याच गल्लीत. दुपारचं आवरून ती दुकानात यायची. भोपळ्यावरची वेलबुट्टी, लाखेचा रंग, तारा चढवणं, सगळं ती करायची. जवारी मात्र नाही. त्यांच्या घरात जवारी मुलाला शिकवायची, नाही तर पुतण्याला. लेक दुसऱ्याच्या घरी जाते, तिच्याबरोबर हातातली विद्या कशाला घालवा, असा तो हिशोब. मी एकदा तिला विचारलं होतं, तुला कधी करून बघावंसं नाही वाटलं? ती भोपळ्यावरचं पान रंगवत राहिली आणि म्हणाली, "छेडायला तर मिळतंय की, मॅडम."

तंबोरा तयार झाला. आम्ही तिघं गाडी करून पुण्याला निघालो. गवसणीतला तंबोरा मागच्या सीटवर आडवा, त्याचा भोपळा नसीमच्या मांडीवर. चाचा खिडकीतून बाहेर बघत होते. साताऱ्याच्या पुढे त्यांनी एकदाच विचारलं, "तिथं चित्र दिसंल न्हवं?"

मी म्हणाले, दिसेल. शैलजाबाईंकडे त्यांच्या मुलानं परदेशातून पाठवलेला मॅक लॅपटॉप होता. फोनवर बाई म्हणाल्या होत्या की त्यावर त्या नातवंडांचे फोटो बघतात, बाकी त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. चित्राचं कौतुक त्यांनी ऐकलं होतं, चाचांच्या कानांबद्दल मात्र नाही. ते आम्ही सांगितलंच नव्हतं.

शैलजाबाईंच्या दिवाणखान्यात गालिचा अंथरलेला होता आणि खिडकीबाहेर बुचाचं झाड होतं. बाई सत्तरीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, बोलताना मध्येच थांबून समोरच्याकडे बघणाऱ्या. त्यांनी चाचांना वाकून नमस्कार केला आणि चाचांनी घाईनं त्यांचे हात धरले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मॅकची तऱ्हा तिसरीच. त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा एक पायथॉन आधीपासून होता, आणि त्याला हात लावायचा नाही असा दंडक. म्हणून मी शेजारी दुसरा आणून बसवला. बाईंकडे नेट जोरात होतं. लायब्ररीची अगदी ताजी आवृत्ती बघता बघता उतरली. पण चित्र उघडायला गेले तर पडद्यावर चित्राची खिडकी कशानं काढायची यावरून त्यानं तक्रार केली. एका फाइलमध्ये एक ओळ घातली तेव्हा कुठे तो राजी झाला. तोवर आमचा दोनदा चहा झाला होता. बाई म्हणाल्या, "माझ्या गुरुजींनी मला पहिला सा लावू दिला, त्याला याच्याहून कमी वेळ लागला असेल."

मॅक टेबलावर होता. चाचा त्याच्यासमोर खुर्चीत बसले. नसीम टेबलाच्या पलीकडे गालिच्यावर, तंबोरा घेऊन, मॅकच्या झाकणाआड. बाई तिच्या शेजारी. नसीमनं चारी तारा छेडल्या.

पडदा जांभळा झाला.

निळा नाही, जांभळा. त्यात हिरवट रेघा चढल्या, काही पिवळ्या झाल्या आणि तशाच विझल्या. चाचा पुढे झुकले. नसीमनं पुन्हा छेडलं. पुन्हा जांभळा, हिरवा, पिवळा.

"लाल कुठाय?" चाचांनी विचारलं.

चाचांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"उतरला, मॅडम. गाडीत हिसके बसलं असतील. घोडी हलली असंल."

"मला तर छान वाटतोय," शैलजाबाई म्हणाल्या.

"बाई मोठ्या मनाच्या हाईत," चाचा म्हणाले आणि उठून गवसणी शोधायला लागले. नसीम मान खाली घालून बसली होती.

माझी अवस्था विचारू नका. मी वेड्यासारखी पडद्याकडे बघत होते, आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. रेघा सगळ्या जागच्या जागी होत्या. वरच्या काठापर्यंत होत्या. फक्त रंग बदलले होते. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत ठरलेले रंगच वेगळे होते. माझ्या लिनक्सवर आणि मिरजेच्या विंडोजवर जुनी आवृत्ती होती, म्हणून तिथे निळा आणि लाल. मी माझ्या प्रोग्रॅममध्ये रंग कोणते हवेत ते सांगितलंच नव्हतं, आणि न सांगितलं की प्रत्येक जण आपापल्या सवयीनं रंगवतो.

"थांबा, चाचा," मी म्हणाले. "तंबोरा ठीक आहे. चूक माझी आहे."

मी जुन्या रंगांच्या नावाचा एक शब्द लिहिला. तेच चित्र पुन्हा उघडलं. निळ्या अंधारात लाल रेघा पार वरपर्यंत पेटल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी हसायलाच लागले.

चाचा परत खुर्चीत बसले. त्यांनी बराच वेळ चित्र बघितलं.

"एका शब्दानं आला होय लाल?"

"हो."

"आनि एका शब्दानं जातोय."

मी आवाज तोच आहे, आकडे तेच आहेत, असं काहीतरी सांगत राहिले. ते ऐकत नव्हते. त्यांनी झाकणाच्या वरून पलीकडे बघितलं.

"नसीम, हितं ये. माझ्या मागं बस."

नसीम तंबोरा घेऊन आली आणि त्यांच्या मागे बसली. तिनं छेडलं. चाचा पडद्याच्या जवळ गेले, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. खिडकी बाजूला होती, खोलीत मऊ सावली होती. पडद्यात चित्राशिवाय काहीच नव्हतं.

"दिसंना," ते म्हणाले.

"काय दिसत नाही, चाचा?"

त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता, एरवीपेक्षा खालच्या आवाजात म्हणाले, "दुकानातल्या काचेत हिचं तोंड दिसायचं, मॅडम. मागून उजेड यायचा न्हवं का. पहिलं काही दिवस मी लालच बघायचो. तुम्ही एवढं केलंत, खोटं कशाला बोलू. पण लाल कुठंवर ठीक, ते लाल सांगत न्हाई. हिचं तोंड सांगायचं. जवारी खुली झाली की हिच्या भुवया सैल व्हायच्या. जास्त घासली तर ओठ मिटायची. मी वळलो की ही खाली बघायची. म्हणून मी वळायचोच न्हाई, काचेतच बघायचो."

नसीमचा हात तारांवर तसाच थांबला होता. शैलजाबाईंनी पदर सावरला.

चाचा खुर्चीसकट मागे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, ती छेडताना ते तिच्याकडे तोंड करून बसले.

"आता काच न्हाई, बेटा. तोंडानंच सांग. काय ऐकू येतंय?"

तिनं आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग एकेक तार छेडली, डोळे मिटून, प्रत्येक विझेपर्यंत थांबून.

"जोड खुला आहे, अब्बा. खर्ज पण. पंचम मिटलाय. थोडासाच."

मी पडद्याकडे बघितलं. मला त्यात काही वेगळं दिसेना. शैलजाबाईंनी हात लांब करून पंचमाची तार स्वतः छेडली. ऐकली. पुन्हा छेडली.

"मी बोलणार नव्हते," त्या म्हणाल्या. "इतक्या लांबून आलात, म्हणून बोलणार नव्हते."

चाचांनी मान हलवली, जणू त्यांना हे ठाऊकच होतं. मग पंचमाच्या तारेखालच्या सुताकडे बोट केलं.

"सरकव."

"मी?"

"मला काय ऐकू येतंय ते बाईंनापन आता कळलंय. सरकव तू."

नसीमनं ओढणीला बोटं पुसली. तार जरा उचलून तिनं सूत सरकवलं, इतकं थोडं की मला हललेलंही दिसलं नाही. छेडलं. मान हलवली. परत सरकवलं. मग हात पुढे केला, आणि चाचांनी खिशातून कानस काढून त्या हातावर ठेवली. तिनं घोडीवरून ती दोनदा फिरवली, फुंकर घातली, तार बसवली आणि चारी तारा एकामागून एक छेडल्या.

खोली भरून गेली. दुसरं कसं सांगू? शैलजाबाईंनी डोळे मिटले आणि त्यांच्या गळ्यातून नकळत सा निघाला, आणि तो कुठे संपला आणि तंबोरा कुठे सुरू झाला ते मला कळलं नाही. बाहेर बुचाची फुलं पडत होती. मी पडद्याकडे बघायचं विसरूनच गेले. चाचा नसीमच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

निघताना नसीम कानस परत द्यायला लागली. चाचांनी टोपी घातली, नीट केली.

"मी बोललो हुतो ना, खाली ठेवीन म्हणून," ते म्हणाले. "ठेवली."

गेल्या वर्षी तारा बदलायला मी मिरजेला गेले होते. दुकानावरची पाटी तीच आहे. चाचा थकलेत. ऐकू आता जवळजवळ येतच नाही. कोपऱ्यात तो मॉनिटर अजून होता. मी सवयीनं बटण दाबलं, काही झालं नाही. नसीम म्हणाली की कंप्युटर कधीचा बंद पडला, त्याची पेटी भंगारात गेली. मी म्हणाले, मग हा कशाला जागा अडवून बसलाय? नवा आणू, मी सगळं बसवून देते, आता पूर्वीसारखा त्रास नाही पडत.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "एवढा राहू दे. अब्बांना लागतो."

चाचा आपल्या जागी येऊन बसले, त्या काळ्या काचेकडे तोंड करून. दारातून दुपारचा उजेड येत होता. मागे नसीमनं माझा तंबोरा मांडीवर घेतला, छेडला, कानशीचा एक हात फिरवला, पुन्हा छेडला. मी पाटावर बसून राहिले. छताला भोपळे टांगलेले होते, लाखेचा वास तोच होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

नसीमनं कानस खाली ठेवायच्या आधीच चाचा काचेत बघत मोठ्यानं म्हणाले, "झाली."